मीरतळ्याचे शिंगाडे

विश्वजीतला तळ्यांचं प्रेम होतं. म्हणजे बोक्याला दुधाचं असतं तसं. पेपरात नोकरीला लागला तेव्हा त्यानं क्राइम मागितलं होतं, ते मिळालं नाही. राजकारण मागितलं, तर साहेब म्हणाले, तुझा आवाज बारीक आहे. शेवटी पर्यावरण गळ्यात पडलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. पडलंच आहे गळ्यात तर त्याचा हार करू, या हिशेबानं तो संभाजीनगरच्या आसपासची तळी पालथी घालत सुटला. कुठे जलपर्णी, कुठे भराव, कुठे गटाराचं पाणी. बातमी यायची आतल्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी. दोन निवृत्त प्राध्यापक फोन करून अभिनंदन करायचे, आणि तळं आधी मरत होतं तसंच मरत राहायचं.

एक तरी बातमी अशी हवी की सगळं शहर हललं पाहिजे, एवढीच त्याची इच्छा होती. देवानं ती पुरवली. अशा इच्छा पुरवताना कुणाच्या घरचं काय जातंय ते बघायची देवाला सवय नाही.

करमाडच्या पुढे जालना रोड सोडून आत गेलं की मीरतळं लागतं. निजामाच्या राज्यात कुण्या मीरसाहेबानं बांध घातला म्हणून मीरतळं. मीरसाहेब गेले, निजाम गेला, बांध राहिला. बांधाखाली भोयांची पाच-सहा घरं आणि त्या घरांचा धंदा शिंगाड्याचा. पावसाळ्यात तळ्यात वेल सोडायचा, तो पाण्यावर पसरला की नवरात्राच्या तोंडावर तोडणीला घ्यायचा. ट्रकच्या टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर पालथं पडायचं, हातानं पाणी सारत पुढे जायचं आणि एकेक वेल उलटा करून खालचे शिंगाडे तोडायचे. उपवासाचे नऊ दिवस शहर शिंगाडे खातं, त्या नऊ दिवसांवर या घरांचं वर्ष निघतं.

भागूबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी. नवरा गेलेला. मुलगा गोकुळ करमाडला रिक्षा चालवायचा, पण तळ्यातला वेल तिचा होता. बेणं तिला सासूनं दिलं होतं. दर हंगामाला थोडे शिंगाडे मागे ठेवायचे आणि तेच पुढच्या पावसात लावायचे, असं करत ते बेणं तिच्या हयातीत एकदाही तुटलं नव्हतं. विश्वजीत बांधावर गाडी लावून उभा राहिला तेव्हा ती पाण्यातच होती. बाहेर आली तर दोन्ही दंडांवर तांबडे चट्टे.

"पान्यानं आग व्हती," ती म्हणाली. "आधी नव्हती व्हत. माळावर ती कंपनी आली तव्हापासून."

माळावरच्या त्या कंपनीचं नाव इथेही घेत नाही. का, ते पुढे कळेलच. कंपनी रसायनांचे रिकामे ड्रम आणून धुवायची, रंगवायची आणि विकायची. धुतलेलं पाणी नाल्यात, नाला तळ्यात. भागूबाईनं विश्वजीतला नाल्यावर नेलं. कडेला पिवळट फेस साचला होता, त्यात चार मासोळ्या पोट वर करून पडल्या होत्या. विश्वजीतनं मनातल्या मनात टाळी वाजवली. खोटं कशाला बोला, वाजवली. मग लगेच चेहरा पाडून त्यानं फोटो काढले.

"गावात कुणी काही बोलत नाही?"

"सरपंच म्हंतो, गावातली पोरं कामाला हायेत तिथं, तोंड उघडू नको."

"तुम्ही बोलाल, मावशी? नाव, फोटो सगळं पेपरात येईल."

भागूबाईनं लुगड्याच्या पदरानं हात कोरडे केले. मग म्हणाली, "बोलते. पन त्याचं बी नाव टाकायचं. दोघांची नावं जवळजवळ. नुसतं माहं टाकलं त मी उघडी पडते, भाऊ."

"शब्द देतो," विश्वजीत म्हणाला.

शब्द देताना माणूस खराच असतो, भानगड नंतर सुरू होते. कारण विश्वजीतच्या पेपरात एक जुना रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण नव्या बातमीदाराला तो पहिल्या आठवड्यातच कळायचा. गुन्हा दाखल झाल्याशिवाय कंपनीचं नाव छापायचं नाही, 'एक खासगी कंपनी' असं लिहायचं. कंपनी वकिलाची नोटीस पाठवते. गरीब माणूस नोटीस पाठवत नाही, म्हणून त्याचं नाव, गाव, वय, फोटो, सगळं छापायचं. हे विश्वजीतला पाठ होतं. तरी बांधावरच्या वाऱ्यात त्याला वाटलं, या खेपेला आपण भांडू.

निघताना भागूबाईनं पिशवीभर ताजे शिंगाडे दिले. एक दातानं सोलून त्याच्यापुढे धरला. "खा की."

"घरी खातो, मावशी," तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन सरळ आपल्या एका मित्राच्या प्रयोगशाळेत गेला. बाटलीत पाणीही भरून नेलं होतं.

मित्रानं तपासून सांगितलं, "पाणी वाईट आहे. शिसं आहे, आणखी बरंच काही आहे. शिंगाड्याच्या सालीवरही सापडलं. पण आतला गर स्वच्छ आहे. सोलून खाल्ला तर काही नाही."

ऐकून विश्वजीतला आनंद व्हायला हवा होता. त्याचा चेहरा उतरला. गर स्वच्छ म्हणजे बातमीतली हवाच गेली. तरी तो अप्रामाणिक माणूस नव्हता, त्यानं ते वाक्य लिहिलं. फक्त कुठे लिहिलं, तर सगळ्यात शेवटच्या परिच्छेदात. जाहिरात आली की डेस्कची कात्री बातमीला नेहमी खालून लागते. हे पेपरातल्या चहावाल्यालाही ठाऊक असतं, आणि विश्वजीतनं तिथे नऊ वर्षं काढली होती.

मोनिकाताई वृत्तसंपादक. हुशार बाई, बोलायला फटकळ, आणि पेपर वेळेत सोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी बातमी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला. "झकास आहे. पहिल्या पानावर घेते. उद्या घटस्थापना, मुहूर्त चांगला साधलास. कंपनीचं नाव काढलंय."

"ताई, नाव तर हवंच. मी शब्द दिलाय."

"गुन्हा दाखल आहे?"

"नाही, पण नाला..."

"नाला कोर्टात साक्षीला येणार आहे का?" मोनिकाताई म्हणाल्या. भांडण एवढ्यावर संपलं. विश्वजीतनं मांजरासारखं अंग चोरून घेतलं. मग त्याच पुढे म्हणाल्या, "बाईचं नावही काढायचं का? नुसतं 'स्थानिक महिला' केलं तरी चालेल. फोटो नाल्याचा घेऊ."

असा क्षण फार थोड्या लोकांना मिळतो. एक शब्द बोलायचा होता, 'काढा'. पण समोर पडद्यावर भागूबाईचा फोटो होता. काळ्या ट्यूबवर पालथी, अंगाखाली हिरवा वेल, ओल्या कपाळाला चिकटलेले केस, सरळ कॅमेऱ्यात बघणारे डोळे. असा फोटो त्याच्या हातून पुन्हा निघाला नसता.

"राहू द्या," विश्वजीत म्हणाला. "बातमीला माणूस लागतो."

सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर, सहा रकान्यांत: 'उपवासाच्या शिंगाड्यात विष?' शेवटचं प्रश्नचिन्ह हे पेपरवाल्यांचं हेल्मेट, डोकं फुटू नये म्हणून घालायचं. खाली भागूबाईचा भलामोठा फोटो, नाव, गाव, वय. मीरतलाव, करमाडजवळ. एक खासगी कंपनी. आणि बातमीच्या पायाशी, शेवटचे दोन परिच्छेद जिथे असायला हवे होते तिथे, पैठणीवर घसघशीत सूट. गर स्वच्छ असल्याचं वाक्य पैठणीखाली गाडलं गेलं होतं.

विश्वजीतनं ते पाहिलं, आणि डेस्कला जाब विचारायला मोबाइल उचलला हे खरं. पण तेवढ्यात फोन सुरू झाले. निवृत्त प्राध्यापकांचे दोन्ही आले. मग आमदाराच्या माणसाचा आला, मुंबईच्या चॅनेलचा आला. बायकोच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव फिरत होतं. डेस्कला करायचा फोन मागे पडला. दुपारी अनोळखी नंबर वाजला.

"विश्वजीत साब? नवाब बोल रहा हूं, शहागंज से. शिंगाडेवाला."

हा नवाब म्हणजे भागूबाईचा माल वर्षानुवर्षं घेणारा व्यापारी. तिनंच त्याचं नाव सांगितलं होतं.

"तुम्ही लिवलं, हौ, अच्छा लिखा. सुबे से एक दाना नहीं उठा. मेरा छोडो, मी दुसरं कायतरी विकीन. ती भागूबाई पाट्या घेऊन कर्णपुऱ्याच्या जत्रेत गेली, मैं बोला नक्को जाओ. ऐकली नाय. म्हणे, माझा माल चांगला हाय तर मी कामून लपू? आप जाओ साब. तुमच्याशिवाय दुसरं कोणी बोलणार नाय."

कर्णपुऱ्यात देवीच्या दर्शनाची रांग लांबच लांब होती. पाळणे, बांगड्या, नारळ, खेळणी, आणि एका कोपऱ्यात माणसांचं कडं. विश्वजीत गाडी लावून आत घुसला. मध्ये भागूबाई बसली होती. पुढे दोन पाट्या, उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांनी काठोकाठ भरलेल्या. शेजारचे रताळीवाले, खजूरवाले आपापल्या गाड्या लांब ओढून बसले होते, विटाळ होईल तसे.

"हीच ती! बघा, फोटो तोच!" एक पोरगा मोबाइल तिच्या चेहऱ्याशेजारी धरून सगळ्यांना ताडून दाखवत होता. "विष विकती देवीच्या दारात."

"अगं, लेकरंबाळं खातात हे! देवीची तरी भीती बाळग," हातात पूजेचं ताट घेतलेली एक बाई किंचाळली.

"अवो बाई, इष असतं त मी मेली नसते का?" भागूबाई म्हणाली, आणि खायला लागली. एक सोलला, तोंडात टाकला. दुसरा. तिसरा. घाईघाईनं, नीट न चावता. बोटांना काळा रंग लागत होता, तोंडाच्या कडेनं चुरा पडत होता. लोकांनी व्हिडिओ काढायला सुरुवात केली. कुणीतरी मागून म्हणालं, "मोजा रे, कितव्याला लोळती." हशा पिकला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची आपल्याकडे जुनी हौस आहे, फक्त आता तिचं चित्रीकरणही होतं.

तेवढ्यात तिला विश्वजीत दिसला. त्या बाईच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा आनंद आला, तो बघायला नको होता.

"हे बघा, हेच पेपरवाले! ह्यांनीच तपासून आनलं! भाऊ, तुमी सांगा यास्नी. चांगला हाय ना माल?"

सगळे मोबाइल विश्वजीतकडे वळले. त्याला सगळं ठाऊक होतं. साल वाईट, गर स्वच्छ, सोलून खाल्ला तर काही नाही. तीन तुकड्यांचं वाक्य. पण ते इथे बोलायचं म्हणजे आजच्या पहिल्या पानाचं काय? मुंबईचं चॅनेल संध्याकाळी लाइव्ह घेणार होतं त्याचं काय?

"तपासणी... म्हणजे पाण्यात आढळलंय," तो म्हणाला. "सविस्तर अहवाल यायचाय."

भागूबाईनं एक शिंगाडा उचलला, सावकाश सोलला, पांढराशुभ्र गर तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"बोलू नका. नुसता खाऊन दावा."

तिचा हात तसाच पुढे होता. दंडावरचे तांबडे चट्टे दिसत होते. विश्वजीतनं त्या गराकडे पाहिलं. तो स्वच्छ आहे हे त्या गर्दीत फक्त त्यालाच माहीत होतं, आणि त्यालाच तो उचलवेना. थोडं भय होतं, बरीच लाज होती, आणि सगळ्यात जास्त ते मोबाइल होते.

"माझा उपवास आहे, मावशी," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळी जत्रा हसली. शिंगाडा उपवासालाच तर खातात. आणि त्या हसण्यातून गर्दीला हवं ते उत्तर मिळालं. पेपरवालाच खात नाही म्हणजे काय ते समजा. कुणीतरी पायानं पाटी उलटवली. दुसरी दुसऱ्यानं. काळे शिंगाडे दर्शनाच्या रांगेपर्यंत घरंगळत गेले आणि भक्तांनी ते चपलांनी बाजूला सारले. भागूबाई रडली नाही. तळहातावरचा गर तिनं स्वतः खाल्ला, पाट्या एकात एक घातल्या आणि निघाली.

विश्वजीतनं दुसऱ्या दिवशी मोनिकाताईंकडे खुलासा छापायचं काढलं, हेही सांगायला हवं. अगदीच दगड नव्हता तो.

"खुलासा म्हणजे कबुली," मोनिकाताई म्हणाल्या. "तू पाठपुरावा कर. वरपर्यंत दखल घेतलीय. उद्यापासून 'बातमीचा दणका' असा शिक्का टाकून चालवू."

दणका खरोखरच बसला. अधिकाऱ्यांचं पथक आलं, तळ्याची पाहणी झाली, आणि झटपट निर्णय झाला: लोकांच्या आरोग्याला धोका असल्यानं मीरतलावातला शिंगाड्याचा वेल समूळ काढून टाकावा, पुढे लागवडीस बंदी. नाल्याबाबत अभ्यास समिती. आणि तळ्याच्या सुशोभीकरणासाठी एक कंपनी सामाजिक बांधिलकीतून स्वतःहून पुढे आली होती. कुठली कंपनी, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. तिच्या माळावरून मीरतळं अगदी छान दिसायचं.

उद्घाटनाला विश्वजीतला पाठवलं. बांधावर मांडव, गाद्यागिरद्या, नारळपाणी. मांडवावर कंपनीच्या नावाचा फलक, अक्षरं पुरुषभर उंच. व्यवस्थापक स्वतः पुढे आले. "तुमच्यामुळे आमचे डोळे उघडले," असं म्हणून त्यांनी विश्वजीतच्या खांद्यावर शाल घातली. शाल चांगली होती. विश्वजीतनं ती काढली, पण घडी घालून जवळच ठेवली.

खाली तळ्यात वेल काढायचं काम चालू होतं. कंत्राटदाराची माणसं अंगाला खाज सुटते म्हणून पाण्यात उतरेनात, म्हणून भोयांच्या बायकांनाच रोजावर घेतलं होतं. काळ्या ट्यूबवर पालथी पडून भागूबाई आपलाच वेल मुळासकट उपटत होती.

तो काठावर गेला तशी ती वेलाचा भारा ओढत बाहेर आली. त्याला वाटलं होतं, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर त्याची सुटका झाली असती.

"आले का, भाऊ," ती म्हणाली. "दुसऱ्यानं वरबाडन्यापरीस म्हनलं आपुनच काढावा."

"बेण्यापुरता तरी ठेवला का?"

"एक वेल ठिवायचा नाय म्हनले. मानूस हुबं केलंय बघायला." तिनं मांडवाकडे मान केली आणि आवाज खाली आणला. "त्याचं नाव कवा टाकता? तुमी शब्द देल्ता."

ज्या नावासाठी ती अडून बसली होती, ते तिच्या डोक्यावर पुरुषभर अक्षरांत लटकत होतं. तिला वाचता येत नव्हतं.

"उद्या येतंय, मावशी," विश्वजीत म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"खरं?"

"खरं. पहिल्या पानावर."

तिनं सुस्कारा टाकला. "उशिरा का व्हईना, शब्द पाळला तुमी." मग भाऱ्यातला एक कोवळा शिंगाडा तोडला, दातानं सोलला आणि पुढे धरला. "घ्या. हितं कोनी मोबाइल धरेल नाय."

विश्वजीतनं तो खाल्ला. गोड होता, ओल्या नारळासारखा. तिला एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. पण तोंडात शिंगाडा होता, मग मांडवातून हाक आली, मग ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी आली. चांगल्या कामाची बातमी असली की नाव छापायला गुन्हा दाखल असावा लागत नाही. कंपनीचं नाव मथळ्यात होतं, मजकुरात तीनदा होतं आणि व्यवस्थापकांच्या फोटोखाली होतं. शेजारच्या फोटोत तळं होतं. त्याच्याखालच्या ओळी विश्वजीतनंच लिहिल्या होत्या: 'मीरतलावातील विषारी वेल काढताना महिला मजूर.' नाव त्यानं मुद्दाम गाळलं होतं. बिचारीला पुन्हा त्रास नको, असं त्याला मनापासून वाटलं होतं.

दुपारी गोकुळच्या नंबरवरून फोन आला. बोलत होती भागूबाई.

"भाऊ, गोकुळनं वाचून दावलं. हाय नाव त्याचं. लई मोठं हाय."

"हो, मावशी."

"खाली लिवलंय म्हंतो, तळं त्याह्यनी वाचवलं."

विश्वजीतनं समोरचा पेपर घडी करून बाजूला सारला.

"अन माहं कुठं हाय? दोघांची जवळजवळ टाकायचं ठरलं व्हतं."

"तुमचा फोटो आहे की, शेजारीच."

"त्याच्यात मी पाठमोरी हाय, भाऊ."

पलीकडे रिक्षाचं इंजिन घरघरत होतं. त्यानं फोन कानाला धरून ठेवला. तेवढ्यात मोनिकाताई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या, मागे सगळं ऑफिस. महिन्यातल्या सर्वोत्तम बातमीचं बक्षीस विश्वजीतला जाहीर झालं होतं. "तोंड उघड," त्या म्हणाल्या आणि पेढा पुढे केला. सगळ्यांनी मोबाइल वर धरले. विश्वजीतनं हातातला फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला, आणि पेढा खाल्ला.